एफ-वन दाबल्यावर काय उघडतं? विनहेल्पमधून बाहेर पडण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गोदामातला साठा, आवक-जावक आणि बॅच नोंदवणारं एक डेस्कटॉप सॉफ्टवेअर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डेल्फी या प्रोग्रामिंग साधनात लिहायला घेतलेलं आणि आजही नव्या आवृत्त्या निघत असलेलं. टीम लहान: मोजके प्रोग्रामर, हेल्प लिहिणारी आणि चाचणीही पाहणारी एक लेखिका, आणि ग्राहकांचे फोन घेणारा सपोर्ट विभाग. या कामात मी बाहेरून, दस्तऐवजांच्या बाजूने सामील होतो. ओळख पटेल असे तपशील इथे काढून टाकले आहेत.

या सॉफ्टवेअरची हेल्प, म्हणजे एफ-वन कळ दाबल्यावर उघडणारी मदतीची पानं, विनहेल्प या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या स्वरूपात होती. विनहेल्प १९९० साली विंडोज ३.० बरोबर आलं आणि पुढे बरीच वर्षं विंडोजवरच्या प्रोग्रामांची हेल्प त्यातच लिहिली गेली. आज नव्याने लिहिणाऱ्याला ती पद्धत विचित्र वाटेल. मजकूर वर्डमध्ये लिहायचा आणि आरटीएफ या फाइल-प्रकारात साठवायचा. प्रत्येक टॉपिक, म्हणजे हेल्पमधला एकेक विषय, नव्या पानावर सुरू करायचा. त्याच्या सुरुवातीला तळटीपा द्यायच्या: # खुणेच्या तळटीपेत टॉपिकचं अंतर्गत नाव, $ खुणेच्या तळटीपेत शीर्षक आणि 'के' खुणेच्या तळटीपेत सूचीतले शब्द. दुवा द्यायचा असेल तर शब्दाखाली दुहेरी रेघ आणि त्याला चिकटून, लपवलेल्या अक्षरांत, जिथे जायचं त्या टॉपिकचं नाव. रेघ एकेरी असेल तर उडी न मारता जागच्या जागी छोटी चौकट उघडायची. हे सगळं प्रोजेक्ट फाइलसह कंपायलरला, म्हणजे ते एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रामला, दिलं की एक बंद एचएलपी फाइल हातात यायची.

मायक्रोसॉफ्टने १९९७ साली त्याच्या जागी एचटीएमएल हेल्प आणलं; त्याची फाइल म्हणजे सीएचएम. विंडोज व्हिस्टापासून विनहेल्प वाचणारा प्रोग्राम विंडोजबरोबर येईनासा झाला. व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ या आवृत्त्यांसाठी तो वेगळा डाउनलोड करून घेता येत असे. विंडोज १० साठी तीही सोय राहिली नाही.

कंपनीने या मधल्या काळात सोपा मार्ग धरला. इन्स्टॉलेशनच्या सूचनांमध्ये एक ओळ वाढवली, 'हेल्प उघडत नसेल तर अमुक प्रोग्राम डाउनलोड करून घ्या', आणि विषय पुढे ढकलला. ते समजण्यासारखं होतं, कारण हेल्प कोणी विकत घेत नाही. पण १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चा सपोर्ट संपला, ग्राहक एकेक करून पुढच्या विंडोजवर गेले, आणि त्या ओळीचा उपयोग संपला.

अडचण

सपोर्टकडे येणारी तक्रार एका वाक्याची होती: एफ-वन दाबलं की हेल्प येत नाही. कुठे मायक्रोसॉफ्टचं 'ही सोय आता नाही' असं सांगणारं पान उघडायचं, कुठे काहीच व्हायचं नाही. सपोर्टची मंडळी मग फोनवर तोंडी समजावत. वर्षाअखेरची साठा-मोजणी, बॅच परत फिरवणं अशा वर्षातून एखाद-दोनदाच लागणाऱ्या गोष्टींसाठीच लोक हेल्प उघडतात, आणि नेमकं तेच फोनवर सांगायला सगळ्यात अवघड.

पहिल्या बैठकीत अडचण 'फॉरमॅट बदलायचा आहे' एवढीच वाटत होती. खोदत गेल्यावर तिच्याखाली आणखी तीन निघाल्या.

पहिली म्हणजे मूळ मजकूर सापडेना. जुन्या सर्व्हरवर आरटीएफ फाइलींचा एक संच मिळाला, पण तो ग्राहकांकडे असलेल्या हेल्पच्या बऱ्याच मागचा होता. मधल्या काळात ज्यांनी हेल्प लिहिली ते कंपनी सोडून गेले होते आणि त्यांच्या फाइली कुठे गेल्या हे कोणालाच सांगता आलं नाही. ताजा मजकूर फक्त कंपाइल झालेल्या एचएलपी फाइलीतच उरला होता.

दुसरी अडचण नंबरांची, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच. डेल्फीमध्ये प्रत्येक फॉर्मला (प्रोग्रामच्या खिडकीला) आणि फॉर्मवरच्या प्रत्येक कंट्रोलला (बटण, चौकट वगैरे) हेल्पकॉन्टेक्स्ट नावाची प्रॉपर्टी असते. तिच्यात एक पूर्णांक लिहिलेला असतो, समजा २१५०. वापरणाऱ्याने एफ-वन दाबलं की प्रोग्राम तेवढा नंबर विनहेल्पला देतो. हेल्पच्या प्रोजेक्ट फाइलीत 'मॅप' नावाच्या विभागात २१५० म्हणजे कोणता टॉपिक हे लिहिलेलं असतं. प्रोग्राम आणि मजकूर यांना जोडणारा धागा एवढाच. मजकूर हलवला आणि हा धागा तुटला, तर हाती एक वाचनीय पुस्तिका येते, हेल्प येत नाही.

तिसरी अडचण मजकूर शिळा झाल्याची. काही टॉपिक फ्लॉपीवर बॅकअप घ्यायला सांगत होते. काही अशा मेनूंबद्दल होते जे केव्हाच काढून टाकले आहेत.

पहिला निर्णय: जुने आरटीएफ की बंद फाइल?

जुने आरटीएफ नीटनेटके होते. टॉपिकांची नावं लेखकाने विचारपूर्वक दिलेली होती आणि नाव वाचूनच आत काय आहे ते कळत होतं. लेखिकेचा कल साहजिकच तिकडे होता: तेच घ्यायचे आणि जे बदललं आहे ते भरत जायचं. पण 'जे बदललं आहे' त्याची यादी कोणाकडेच नव्हती.

दुसरी वाट एचएलपी फाइल उलगडण्याची. हेल्पडेको नावाचं एक जुनं, मोफत, कमांड-लाइनवर चालणारं साधन आहे. त्याला एचएलपी फाइल दिली की ते आरटीएफ, प्रोजेक्ट फाइल आणि चित्रं परत काढून देतं. मजकूर ताजा मिळतो, पण टॉपिकांची मूळ नावं मिळत नाहीत. कारण कंपायलर ती नावं फाइलीत ठेवतच नाही. प्रत्येक नावापासून ३२ बिटांचा एक हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने मिळणारा आकडा, काढून फक्त तो ठेवतो. हॅशवरून मूळ नाव ओळखता येत नाही. हेल्पडेको मग त्याच हॅशला जुळेल असं कुठलंतरी नाव बनवून देतं. दुवे त्यामुळे शाबूत राहतात, पण नाव वाचून काही बोध होत नाही.

नंबरांचं मात्र तसं नाही. कोणता नंबर कोणत्या जागी न्यायचा याचा तक्ता एचएलपीच्या पोटात वेगळा, जसाच्या तसा असतो. त्यामुळे उलगडलेल्या प्रोजेक्ट फाइलीत मॅप विभाग पूर्ण मिळाला.

बैठकीत ज्येष्ठ प्रोग्रामरने वाद एका वाक्यात मिटवला: "मॅडम, नावं गेली तर जाऊ देत. कोडला नाव माहीतच नाही, त्याला नंबर माहीत आहे." बंद फाइल उलगडायची असं ठरलं. जुने आरटीएफ टाकून मात्र दिले नाहीत. दोन्हीकडे शीर्षक जिथे जुळत होतं तिथे जुनं अर्थपूर्ण नाव नव्या पानाला परत दिलं. निम्म्याहून जास्त टॉपिकांची नावं अशी परत मिळाली आणि पुढे फाइलींमध्ये शोधाशोध करताना त्याचा फार उपयोग झाला.

पर्यायांची चर्चा

सगळ्यांच्या मनात आधी आलं ते सीएचएम. विनहेल्पचा थेट वारस तोच. मायक्रोसॉफ्टच्या एचटीएमएल हेल्प वर्कशॉपमध्ये जुन्या प्रोजेक्टचं रूपांतर करण्याची सोय आहे, तोच नंबर सीएचएमलाही देता येतो, आणि कोडमध्ये बदल थोडा. वीस वर्षांपूर्वी हे काम निघालं असतं तर दुसरा विचार करायचं कारणच नव्हतं.

सीएचएम मागे पडलं ते प्रत्यक्ष वापरामुळे. बरेच ग्राहक हे सॉफ्टवेअर सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवतात आणि बाकीच्या मशीनवरून तिथूनच चालवतात. जून २००५ च्या सुरक्षा अपडेटनंतर नेटवर्कवरच्या फोल्डरमधून उघडलेली सीएचएम फाइल डावीकडे अनुक्रम दाखवते, पण उजवीकडे पान येत नाही. तोडगा आहे, पण त्यासाठी प्रत्येक मशीनच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांत, बदल करावा लागतो आणि ते करायला ग्राहकाला सांगणं म्हणजे सुरक्षेची कडी काढायला सांगणं. शिवाय सीएचएमची पानं इंटरनेट एक्स्प्लोररच्या इंजिनावर चालतात, आणि त्या ब्राउझरचा सपोर्ट विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवर १५ जून २०२२ ला संपला. इंजिन अजून विंडोजमध्ये आहे, सीएचएम आजही उघडते. पण एका बंद पडलेल्या फॉरमॅटमधून बाहेर पडताना त्याच वाटेवरच्या पुढच्या फॉरमॅटमध्ये शिरण्यात मला तरी शहाणपण दिसत नव्हतं.

आणखी एक मुद्दा लेखिकेने काढला. हेल्प पुढे इतर भाषांतही द्यायची आहे. सीएचएमचा अनुक्रम आणि सूची युनिकोडवर नाही, विंडोजच्या जुन्या कोडपेजवर, म्हणजे ठरावीक लिप्यांपुरत्या अक्षरतक्त्यावर, चालते, आणि देवनागरीला असं कोडपेज कधी दिलंच गेलं नाही. पानात देवनागरी नीट दिसेल, पण डावीकडच्या अनुक्रमात दिसणार नाही. या मुद्द्यानंतर सीएचएमची बाजू कोणी लावून धरली नाही.

पीडीएफचा विचार थोडाच वेळ टिकला. छापायला उत्तम, पण २१५० नंबरवरून नेमक्या जागी पोचवणं वेगवेगळ्या वाचक-प्रोग्रामांत सारखं होईल याची खात्री नाही.

फक्त इंटरनेटवरची हेल्प सपोर्टला हवी होती, कारण चूक सापडली की लगेच दुरुस्त करता येते. त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण काही ग्राहकांची गोदामातली मशीन मुद्दाम इंटरनेटपासून तोडलेली असतात. तिथल्या माणसाला हेल्पची गरज सगळ्यात जास्त, कारण शेजारी विचारायला कोणी नसतं.

जुना विनहेल्प प्रोग्राम दुसऱ्या विंडोजमधून उचलून नव्या मशीनवर टाकायचा, अशीही एक सूचना आली. इंटरनेटवर तशा कृती फिरतात. तो प्रोग्राम सोबत वाटायचा परवाना कंपनीला नव्हता, आणि विनहेल्पच्या मॅक्रोमधून, म्हणजे हेल्पमध्ये लिहिलेल्या आज्ञांमधून, दुसरे प्रोग्राम चालवता येतात, त्यामुळे सुरक्षेच्या दृष्टीनेही ते पटण्यासारखं नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं: मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा घातलेल्या टेक्स्ट फाइलींत, ठेवायचा, त्यातून साधी एचटीएमएल पानं बनवायची, ती सॉफ्टवेअरबरोबरच इन्स्टॉल करायची आणि नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडायची. तीच पानं इंटरनेटवरही ठेवायची. ज्या फाइली दहा वर्षांनी साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही वाचता येतील त्याच मूळ फाइली मानायच्या, यावर मी जोर दिला.

आधी हलवायचं की आधी साफ करायचं?

सर्वांत जास्त वाद इथे झाला. लेखिका म्हणाली, "आधी झाडून घेऊ या ना. जुना कचरा नव्या घरात कशाला न्यायचा?" कामाचा आकार पाहता तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं, सगळे मिळून काही शे टॉपिक होते आणि त्यांतले कित्येक उघड उघड कालबाह्य.

तरीही मी उलट्या क्रमाच्या बाजूने होतो. हलवणं आणि साफ करणं एकाच वेळी केलं, तर एखादं पान नव्या हेल्पमध्ये नसेल तेव्हा ते मुद्दाम काढलं की स्क्रिप्टने गिळलं, हे सांगता येत नाही. आधी सगळं जसंच्या तसं, फ्लॉपीसकट, हलवायचं. जुन्या आणि नव्या टॉपिकांची संख्या, दुवे, सूचीतले शब्द आणि नंबर जुळतात याची मशीनकडून खात्री करून घ्यायची. तो टप्पा गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात नोंदवायचा आणि मग साफसफाईला हात घालायचा, म्हणजे काढलेल्या प्रत्येक पानामागे कोणी आणि का काढलं याची नोंद राहते. लेखिकेने हे मान्य केलं ते एका अटीवर: साफसफाई न करता नवी हेल्प ग्राहकाकडे जाणार नाही. ती अट योग्य होती आणि ती पाळलीही गेली.

प्रत्यक्ष काम

उलगडलेल्या आरटीएफचं सरळ एचटीएमएल करून पाहिलं तेव्हा अपेक्षेप्रमाणे गोंधळ झाला. साध्या कन्व्हर्टरला # आणि $ या तळटीपा खऱ्याखुऱ्या तळटीपाच वाटतात आणि तो त्या पानाच्या तळाशी छापतो. लपवलेली अक्षरं एकतर गाळतो किंवा उघडी पाडतो. म्हणून पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती तळटीपा वाचून प्रत्येक टॉपिकची वेगळी मार्कडाउन फाइल करते, वर शीर्षक, सूचीतले शब्द आणि नंबर लिहिते, आणि दुहेरी रेघ व लपवलेलं नाव यांची जोडी ओळखून तिचा साधा दुवा बनवते.

पॉपअप चौकटींचं काय करायचं हा प्रश्न उरला. त्यांत बहुतेक संज्ञांच्या व्याख्या होत्या. त्या पानातच, शब्दावर क्लिक केल्यावर उलगडणाऱ्या ओळी म्हणून ठेवल्या. चित्रांचं काम कंटाळवाणं आणि हाताचं: सोळा रंगांतले जुने स्क्रीनशॉट टाकून बहुतेक नव्याने घेतले, आणि चित्राच्या वेगवेगळ्या भागांवर क्लिक करता येणारी जी मोजकी चित्रं होती त्यांचे एचटीएमएल इमेज-मॅप केले.

कोडच्या बाजूला बदल एकाच जागी करता आला, हे डेल्फीचं उपकार मानावं असं वैशिष्ट्य. ॲप्लिकेशनच्या ऑनहेल्प या इव्हेंटमध्ये हेल्पची प्रत्येक मागणी येते. तिथे नंबर पकडायचा, विनहेल्पला बोलवू नकोस असं सांगायचं आणि स्वतःचं पान उघडायचं. शेकडो फॉर्मांपैकी एकालाही हात लावावा लागला नाही.

पान उघडताना मात्र एक अडथळा आला. आधीचा बेत असा होता की जवळचे टॉपिक एका लांब पानावर ठेवायचे आणि पत्त्याच्या शेवटी # लावून नेमक्या परिच्छेदावर न्यायचं. स्थानिक फाइल उघडताना विंडोजचं शेलएक्झिक्युट हे फाइल उघडणारं फंक्शन # पासून पुढचा भाग गाळून टाकतं. पान उघडतं, पण नेहमी वरच्या टोकाला. ब्राउझरचा प्रोग्राम शोधून त्याला थेट पत्ता देणं शक्य होतं, पण प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी. त्याऐवजी प्रत्येक नंबराच्या नावाची एक चिमुकली एचटीएमएल फाइल बनवली. २१५० नावाची फाइल उघडली की ती लगेच योग्य पानाच्या योग्य जागी पाठवते. प्रोग्रामला फक्त नंबर माहीत, मजकुराची मांडणी कशीही बदला. मला या सगळ्या कामातला हा भाग सर्वांत आवडतो, कारण कोड आणि लेखन यांच्यातला करार इथे डोळ्यांना दिसतो.

शोधाच्या सोयीतही असंच काहीसं झालं. शोधसूची जेसन या माहिती साठवायच्या फाइलीत ठेवली तर डिस्कवरून उघडलेल्या पानाला ब्राउझर ती वाचू देत नाही. सर्व्हरवर चालतं, ग्राहकाच्या मशीनवर नाही. तीच सूची जावास्क्रिप्ट फाइल म्हणून पानात जोडली आणि काम झालं.

मग नंबरांची तपासणी. फॉर्मची मांडणी साठवणाऱ्या डीएफएम फाइलींमधून सगळे हेल्पकॉन्टेक्स्ट नंबर गोळा करून ते मॅपशी ताडून पाहिले. कित्येक नंबरांना पानच नव्हतं. ते रूपांतरात हरवले नव्हते. जुन्या फाइलीतही त्यांना टॉपिक नव्हता. म्हणजे त्या स्क्रीनवर विनहेल्प चालू असतानासुद्धा एफ-वन कधीच कामाचं नव्हतं आणि कोणी कळवलं नव्हतं. उलट ज्या कंट्रोलचा नंबर शून्य आहे त्यांची काळजी नव्हती, कारण डेल्फी तेव्हा वरच्या कंट्रोलचा, शेवटी फॉर्मचा नंबर घेतं.

एवढं करूनही काही नंबर निसटले. एका अहवालाच्या फॉर्ममध्ये नंबर कोडमध्येच, निवडलेल्या अहवालाच्या क्रमांकात बेरीज करून तयार होत होता. फाइलींमध्ये शोधून असा नंबर सापडणं शक्य नाही. तो उघडकीला आला तो ऑनहेल्पमध्ये लिहिलेल्या लॉगमुळे: नंबराचं पान नसेल तर मुख्य पान उघड आणि नंबर लॉगमध्ये लिही. सपोर्टच्या मंडळींनी नवी आवृत्ती आधी स्वतः वापरली आणि ते लॉग रोज लेखिकेकडे दिले.

परिणाम

एफ-वन पुन्हा चालू झालं, इंटरनेट नसलेल्या मशीनवरही. सपोर्टला आता ग्राहकाला एखाद्या पानाचा दुवा पाठवता येतो, जे विनहेल्पमध्ये कधीच शक्य नव्हतं. मजकुरातली दुरुस्ती लेखिका स्वतः करते; त्यासाठी प्रोग्रामरच्या मागे लागावं लागत नाही.

गमावलंही काही. विनहेल्पची खिडकी एकच असायची आणि ती प्रोग्रामच्या वर ठेवता यायची. पायऱ्या वाचत वाचत काम करणाऱ्यांना ते सोयीचं होतं. आता दर वेळी ब्राउझरचा नवा टॅब उघडतो आणि तो कधी मागे दडतो. जुन्या ग्राहकांची ही तक्रार खरी आहे. शीर्षकपट्टीवरच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून एखाद्या चौकटीची दोन ओळींची माहिती मिळवायची सोयही गेली. तो मजकूर हाताशी आहे, पण तो दाखवायची नवी जागा अजून ठरलेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पान न सापडलेल्या नंबरांचा लॉग आधीच्या आवृत्तीतच घालायला हवा होता. ऑनहेल्पमध्ये चार ओळी लिहून, हेल्प बंद असतानासुद्धा, लोक कुठल्या स्क्रीनवर एफ-वन दाबतात ते नोंदवता आलं असतं. मग साफसफाई वर्णानुक्रमे न करता गरजेच्या क्रमाने झाली असती. प्रत्यक्षात लेखिकेने बराच वेळ अशा पानांवर घालवला जी बहुधा कोणी उघडणार नाही, आणि वर्षअखेरच्या मोजणीचं पान शेवटी घाईत झालं.

सूचीतल्या जुन्या शब्दांकडेही उशिरा लक्ष गेलं. सुरुवातीला वाटलं होतं की संपूर्ण मजकुरात शोध असल्यावर 'के' तळटीपांची गरज नाही. पण त्या शब्दांत ग्राहकांची भाषा होती. स्क्रीनवर 'समायोजन' लिहिलेलं असताना सूचीत 'तूट', 'फरक', 'माल कमी भरला' असेही शब्द जुन्या लेखकांनी नोंदवलेले होते. ते शोधसूचीत जास्त वजनाने घातल्यावरच शोधाचे निकाल सुधारले. हे पहिल्या चाचणीआधी झालं असतं तर सपोर्टचे बरेच वैतागलेले निरोप टळले असते.

सध्या टीममध्ये एक नियम घासाघीस होऊन ठरला आहे. फॉर्मवर नंबर असेल आणि त्याचं पान नसेल तर बिल्ड, म्हणजे कोडमधून नवी आवृत्ती तयार करण्याचा टप्पा, थांबतो. प्रोग्रामरना तो आधी जाचक वाटला, कारण नव्या स्क्रीनचं पान लेखिका लिहीपर्यंत त्यांचं काम अडायचं. तडजोड अशी निघाली की नवा नंबर तात्पुरता वरच्या स्क्रीनच्या पानाकडे वळवता येतो, पण ते मॅपमध्ये स्वतःच्या नावानिशी लिहावं लागतं, आणि प्रत्येक आवृत्तीआधी लेखिका अशा ओळींची यादी काढून ज्याच्या त्याच्याकडे पाठवते.